कळफलक आणि आपली लिपी

अवजाराची योग्यता त्याच्या चकाकीवरून ठरत नाही. ते हाताला कसे बसते यावरून ठरते. खुरप्याचे पाते कितीही धारदार असो, त्याची मूठ हातात खुपत असेल तर निंदणाऱ्याच्या तळहातास फोडच येतात. संगणक हेही एक अवजारच होय. त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

संगणकाला आपले मनोगत कळवावयाचे ते मुख्यतः माऊस आणि कळफलक यांच्या द्वारे. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली तयार झालेला पहिला माऊस म्हणजे एक लाकडी ठोकळा होता. त्याच्या पोटात दोन चाके व माथ्यावर एकच कळ होती. पुढे तो तळहाताच्या आकाराचा झाला आणि चाकांचे काम प्रकाशकिरण करू लागले. कळफलकाचे मात्र तसे झाले नाही. १८७४ साली बाजारात आलेल्या टंकलेखन यंत्रावरील रोमन अक्षरांचा क्रम थोड्याफार फरकाने आजही कायम आहे. इंग्रजीत वारंवार येणारी अक्षरे बोटांखाली सहज यावीत, अशी नवी रचना ऑगस्ट ड्वोरॅक व त्यांचे सहकारी यांनी १९३६ साली पुढे आणली. परंतु हातांना जडलेली जुनी सवय सुटली नाही.

मराठी मुलांनी यातून बोध घ्यावयास हवा. पहिली सवय जशी लागते, तशी ती टिकते. आज पुष्कळ लोक रोमन अक्षरे दाबून मराठी लिहितात. ही अक्षरे परिचयाची आहेत, मग बिघडले कोठे, असे ते विचारतात. पण रोमन अक्षरांतून ‘काल’ लिहिले की ‘काळ’, ‘बाल’ लिहिले की ‘बाळ’, हे यंत्राला अंदाजानेच ठरवावे लागते. आपल्या मनातील शब्द यंत्राने ओळखावा म्हणून वाट पाहणे, हे काही लेखन नव्हे.

याहून चांगली वाट आपल्या देशात पूर्वीच तयार झाली आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ ही रचना सिद्ध केली आणि १९९१ साली तिचा भारतीय मानकात समावेश झाला. हीत स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’ येतो, ‘त’च्या कळेवर ‘थ’. ज्याने मुळाक्षरे गिरविली, त्याला तिची संगती चटकन उमगते. हिंगोली आणि वसमत येथील बाजारपेठा ज्या पिकासाठी प्रसिद्ध आहेत, ती ‘हळद’ या रचनेत ह, ळ, द अशा तीनच अक्षरांनी लिहून होते.

हिचा आणखी एक गुण आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान होय, असे परंपरा मानते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये देवनागरीचा ‘क’ ज्या कळेवर आहे, त्याच कळेवर गुरुमुखीचाही ‘क’ आहे. नरसीच्या मुलाचे बोट आणि पंजाबातील मुलाचे बोट एकाच जागी पडते!

ही रचना सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नाही. अनेक भारतीय भाषांचा एकत्र विचार करून ती केली असल्यामुळे, मराठीत पदोपदी लागणारे ‘ळ’ आणि ‘ण’ लिहिताना शिफ्टची कळ दाबावी लागते. आरंभी सरावही करावा लागतो. परंतु बाराखडी तरी सरावावाचून कोणाला आली आहे? आजच्या बहुतेक संगणकांत ही सोय असते. उणीव असते ती कळांवरील मराठी अक्षरांची. शाळेतील प्रत्येक कळफलकावर ही अक्षरे छापलेली अथवा चिकटविलेली असावीत. त्यास खर्च थोडा लागेल, लाभ मात्र मोठा होईल. उणीव दिसली तर तीही उद्याच्या पिढीने सुधारावी. यंत्र मनुष्यासाठी आहे. म्हणून मनुष्याची भाषा त्यानेच शिकावी, हे न्याय्य होय.