भाव इतका का उतरला?

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत भुसार आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबात गेल्या पावसाळ्यानंतर मोटारीचा विषय निघाला. घरातील आजींना गुडघ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा धुळ्याला न्यावे लागे आणि एसटीची पायरी चढणे त्यांना आता जमेनासे झाले होते. धाकट्या मुलाने धुळ्यातील एका दलालाकडे सात आसनी डिझेल गाडी पाहिली. साडेचार वर्षे वापरलेली, मीटरवर ४१ हजार किलोमीटर, रंग आरशासारखा, नोंद जीजे ०६ म्हणजे वडोदऱ्याची. नवी असताना तिची किंमत बारा लाखांच्या घरात होती. दलाल तीन लाख चाळीस हजार मागत होता.

“बाबूजी, अशा गाडीला बाजारात सहा लाख मोजावे लागतात,” मुलगा म्हणाला. “उद्यापर्यंत बयाणा दिला नाही, तर दुसरा घेऊन जाईल.”

“मग तो स्वतःच ती सहा लाखांना का विकत नाही?”

मुलाजवळ उत्तर नव्हते. विक्रेत्याला पैशांची निकड आहे, एवढेच त्याला सांगण्यात आले होते. वापरलेल्या गाडीच्या व्यवहारात हे कारण फार वेळा ऐकू येते. मात्र निकड गाडीच्या मालकाची असते, दलालाची नव्हे. मालकाने निकडीपोटी गाडी स्वस्तात दिली असेल, तर मधला नफा दलालाने स्वतः घेतला असता. तो अनोळखी गिऱ्हाइकाच्या पदरात कशाला टाकला असता?

व्यापारी घरांतील माणसे या बाबतीत कधी कधी विचित्र वागतात. कापसाची गाडी दारात आली, तर वरचा पांढराशुभ्र थर पाहून कोणी भाव बोलत नाही. हात कोपरापर्यंत आत जातो, मधला कापूस मुठीत दाबला जातो. ओलावा आठ टक्क्यांच्या पुढे गेला की भाव उतरतो आणि बाराच्या पुढे सीसीआयचे केंद्र माल घेत नाही, हे येथील लहान मुलालाही पाठ असते. शेजाऱ्यापेक्षा निम्म्या भावाने कोणी कापूस देऊ लागला, तर पहिली शंका पाणी मारल्याचीच येते. तोच व्यापारी मोटारीपुढे उभा राहिला की वरचा थर पाहून हुरळतो, कारण तेथे हात कोठे घालावा हे त्याला ठाऊक नसते.

अर्थशास्त्रात या अडचणीचा अभ्यास जुन्या मोटारींवरूनच झाला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवले, की विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, म्हणजे घेणारा सावधपणे मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी नसतो आणि खराब गाडीचा मालक आनंदाने तयार असतो. चांगला माल हळूहळू बाजारातून उठतो. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या अडतीवर बसणाऱ्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. पारितोषिक मात्र अडत्यांना कोणी दिले नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी बयाण्याऐवजी गावातील ओळखीचे एक वयस्क मिस्त्री सोबत घेतले. जीजे ०६ हे शब्द ऐकूनच मिस्त्रींच्या मनात काय आले असावे, ते उघड होते. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यात शिरले आणि असंख्य मोटारी उभ्या जागी बुडाल्या. खान्देशाला हे दुःख परके नाही. शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर अंगाने वाहणारी तापी पुढे उकाईला अडते आणि तेथून सुरतेला जाते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याखाली सुरतेचा मोठा भाग गेला होता. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली यांनी तेच भोगले. अशा प्रत्येक पुरानंतर काही काळाने दूरच्या गावांत चकचकीत आणि स्वस्त गाड्या दिसू लागतात.

या गाड्यांचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. विमा पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत छापलेली असते. तिलाच आयडीव्ही म्हणतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ती ठरवताना नव्या किमतीतून पन्नास टक्के घसारा वजा होतो. म्हणजे बारा लाखांची गाडी सहा लाखांवर येते. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा जास्त, येथे साडेचार लाखांपेक्षा अधिक, निघाला तर विमा कंपनी गाडीचे पूर्ण नुकसान झाल्याचे मानून मालकाला भरपाई देते. बुडालेले धूड लिलावात निघते. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मालकाने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. परंतु आरसी पुस्तक धुडाबरोबरच गेले, तर ते धूड धुऊन, पुसून, रंगवून पुन्हा रस्त्यावर येण्याची वाट मोकळी राहते. याहून काळी वाट अशी, की आरसी आणि चेसिस क्रमांक तेवढा ठेवायचा आणि तो चोरीच्या दुसऱ्या गाडीवर चढवायचा.

धुळ्यातील त्या गाडीत अत्तराचा घमघमाट होता. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. चालकाचा सीट बेल्ट त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढला. बाहेरचा पट्टा स्वच्छ धुतलेला होता. एरवी गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. पुढची सीट मागे सरकवून त्यांनी खालच्या लोखंडी पट्टीवर बोट फिरवले, तर बोटाला गंज लागला. स्टेपनीच्या खळग्यात कोपऱ्याला वाळलेला गाळ होता. डॅशबोर्डाखालचे स्क्रू तांबूस झालेले, आणि एका वायरच्या जोडावर तांब्याला धरतो तसा हिरवट थर.

“भाऊ, हाई गाडी पानीमा बुडेल शे,” ते एवढेच बोलले.

दलाल म्हणाला, “पाऊस कुठल्या गाडीला लागत नाही, शेठ? चालवून तर पाहा.”

गाडी चालत होती, आणि छान चालत होती. पाण्यातून काढलेली गाडी फसवते ती येथेच. इंजिन उघडून साफ करता येते. पाणी आत असतानाच कोणी चावी फिरवली असेल, तर दट्ट्या पाणी दाबू शकत नाही आणि त्याचा दांडा वाकतो. पण तो दोष निदान लगेच आवाज करतो. विजेच्या शेकडो जोडांत बसलेली ओल आवाज करत नाही. ती महिनोन्महिने गंज धरते आणि एके दिवशी ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दिवे किंवा स्टिअरिंग यांतील काहीतरी अचानक निकामी होते. एअरबॅगचा नियंत्रक बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मध्ये, तळालगत बसवलेला असतो. पाणी शिरले की तो आधी भिजतो. तो ऐनवेळी उघडेल की नाही हे कोणत्याही चाचणी-फेरीत कळत नाही. नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्गाला लागल्यावर दोन्ही बाजूंनी ट्रक धावत असताना, मागच्या सीटवर आजी बसलेल्या असताना, हा हिशेब तीन लाखांच्या बचतीत कोठे मांडायचा?

वडिलांनी कागद मागितले. आरसीवर वडोदऱ्याच्या पहिल्याच मालकाचे नाव होते. हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर त्याच्या सह्या होत्या. घेणाऱ्याचे नाव, तारीख, सारे कोरे. मधल्या काळात गाडी किती हातांतून फिरली याचा मागमूस नव्हता. विमा दोन महिन्यांपूर्वीचा आणि केवळ तिसऱ्या पक्षापुरता. सहा लाखांची वस्तू बाळगणारा माणूस तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा का काढत नाही? आधीच्या वर्षाची पॉलिसी “सापडत नाही” होती. हा कागद दिसतो त्यापेक्षा बोलका असतो. एकाच मालकाने चार वर्षे दावा केला नसेल, तर पॉलिसीवर पंचेचाळीस टक्के नो-क्लेम बोनस दिसायला हवा. तो शून्य असेल, तर गेल्या वर्षी काहीतरी मोठे घडले आहे. ज्याला गाडीच्या यंत्रातले काही कळत नाही, त्यालाही एवढे वाचता येते.

स्वस्ताईमागे नेहमी लबाडीच असते असे नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने निर्बंध घातला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे त्याचे स्वरूप बदलत गेले, परंतु तेथील जुन्या डिझेल गाड्यांचे भाव पडले ते पडलेच. तेथे कारण जगजाहीर आहे. मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर धरून ज्याला परवडेल, त्याने अशी गाडी घ्यावी. भाव का उतरला, हे विक्रेता तोंडाने सांगतो आणि कागदावर दाखवतो, तेथे स्वस्ताईला घाबरण्याचे कारण नाही.

दलालाने शेवटचा डाव टाकला. “शेठ, तुम्ही व्यापारी माणसं. सहा महिने फिरवा, दिवाळीला पाच लाखांत काढून टाका. मालेगावचं गिऱ्हाईक मीच आणून देतो.”

“त्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं?”

“त्याला कोण सांगतं?” दलाल हसला.

परतीच्या वाटेवर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबूजी, पण गाडी आपण थोडीच बुडवली?”

वडिलांनी त्याला प्रतिक्रमणातील तिसऱ्या अणुव्रताची आठवण दिली. घरात ते रोज म्हटले जाते आणि रोज म्हटले जाते म्हणूनच कानांवरून निघून जाते. अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मोजले आहेत, त्यांत प्रत्यक्ष कोणाच्या घरात शिरणे कोठेच नाही. चोराला उद्युक्त करणे, चोरीचा माल विकत घेणे, राज्याचे नियम डावलून व्यापार करणे, खोटे तोल-माप वापरणे आणि हलका माल चांगल्याच्या रूपात खपवणे, हे ते पाच. सारे पेढीवर बसून, स्वच्छ कपड्यांत होणारे. मीटर मागे फिरवणे हे खोटे माप. बुडालेली गाडी रंगवून विकणे हा प्रतिरूपक व्यवहार. चेसिस क्रमांकाची खातरजमा न करता डोळे मिटून गाडी घेणे म्हणजे चोरीचा माल घरात आणण्याचा धोका. गाडी वडोदऱ्याच्या पाण्याने बुडवली हे खरे. पण ती जाणून घेणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: नुकसान स्वतः सोसावे, नाही तर मालेगावच्या त्या अनोळखी कुटुंबाच्या गळ्यात घालावे.

“आणि त्याच्या घरीही कोणी आजी असेल,” वडील म्हणाले. नंतर शिंदखेडा येईपर्यंत कापसाच्या भावाच्या गोष्टी झाल्या.

पंधरा दिवसांनी दोंडाईच्याहून एक गाडी कळली. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याची, एमएच १८ची, पाच आसनी, पेट्रोलवर चालणारी, आठ वर्षांची. उजव्या दाराला पोचा होता. गृहस्थांनी चहा येण्याआधीच सांगितले, की तीन वर्षांपूर्वी बैल आडवा आल्याने पुढचा बंपर बदलला आहे आणि एसी थोडा मंद आहे. आठ वर्षांची सगळी बिले तारखेवार फायलीत लावलेली होती. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर. मुलाने चेसिसचा क्रमांक आरसीशी ताडून पाहिला, एम-परिवहनवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलाने तपासली, पोलिसांच्या वाहन समन्वय या सोयीवर गाडी चोरीची नाही हेही पाहिले. गृहस्थ रागावले नाहीत. उलट फॉर्म त्याच दिवशी पूर्ण भरून द्यायचा आग्रह त्यांचाच होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका खटल्यात निकाल दिला, की गाडी हातोहात विकली गेली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. तो निकाल त्यांनी लक्षात ठेवला होता.

मागणी तीन लाख साठ हजारांची होती. सौदा तीन पंचावन्नला झाला. चौदा दिवसांच्या आत विमाही नव्या नावावर केला गेला. आजींना मागची सीट सोयीच्या उंचीची वाटली. एसी मंद असल्याचे त्यांना उलट बरेच वाटले.

त्याच आठवड्यात धुळ्याच्या दलालाचा फोन आला. गाडी आता तीन लाख दहा हजारांवर आली होती. मुलाने दुसरी घेतल्याचे सांगितले.

“केवढ्याला?”

मुलाने रक्कम सांगितली, वर्ष सांगितले.

“महाग पडली, शेठ,” दलाल म्हणाला.