कॉन्व्हेंटचा शिक्का आणि आपली 'फॅमिली बॅकग्राउंड'

'स्कूलिंग कहाँ से किया?' दिल्ली-एनसीआरमध्ये नोकरी शोधणाऱ्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. हातात एम.ए.ची पदवी असते, नेट झालेले असते, तरी समोरच्याला दहा वर्षांपूर्वीची शाळा जाणून घ्यायची असते. उत्तरात सेंट कोलंबाज, सेंट झेवियर्स किंवा कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी आले की समोरचा सैलावतो. माझी शाळा जिल्हा परिषदेची. गुरुग्राममधल्या एका मुलाखतीत मी तसे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, 'वडील काय करतात?' माझ्या संशोधनाचा विषय त्यानंतर निघालाच नाही.

कॅथलिक शाळा मुलांना काय देतात, हे आधी नीट मान्य करू. दिल्लीत कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी १९१९ पासून, सेंट कोलंबाज १९४१ पासून आणि सेंट झेवियर्स १९६० पासून शिकवत आहे. नन्स, ब्रदर्स आणि फादर्सनी तिथे आयुष्ये घातली. वक्तशीरपणा, वाचन, व्यासपीठावर उभे राहून न घाबरता बोलणे, हे सगळे तिथे रोजच्या वागण्यातून अंगात मुरते. आणि इंग्रजी. आझम, चिन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २००५ च्या देशव्यापी पाहणीतून दाखवले, की शिक्षण, वय, सामाजिक गट सारखे धरले तरी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त असते. यात माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीपाळखी मिळवा. बारावीला निघालेला हा मुलगा पंचविशीत 'मेरिट' म्हणून उभा राहतो. त्या मेरिटची फी कोणी भरली, हे कोणी विचारत नाही.

२००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त यावर तीन महत्त्वाचे अभ्यास आले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण नावाला बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की सगळे गुणवत्तेची भाषा बोलतात आणि त्याच दमात 'फॅमिली बॅकग्राउंड'ही तपासतात. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. तिथेही तेच. सवर्ण मुलांना हा प्रश्न गप्पांसारखा वाटतो, आपल्या मुलांना तो तपासणीसारखा वाटतो. शाळेचे नाव विचारणे ही याच तपासणीची सभ्य आवृत्ती आहे.

मिशनच्या शिक्षणाशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ती शाळा कॅथलिक नव्हती, पण सरकारी शाळेत जे दार अर्धेच उघडे होते ते मिशनने उघडले. त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले, की शेतकऱ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि वरून खाली काही झिरपत नाही. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजावर लिहिताना हाच हिशेब मिशनऱ्यांपुढे मांडला. मिशनच्या हायस्कूल-कॉलेजांचा फायदा मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला, गरीब ख्रिस्ती तिथवर पोहोचलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आज चित्र फार वेगळे नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत आणि सर्व धार्मिक अल्पसंख्याक शाळांत वंचित घटकांतली मुले ८.७६ टक्केच आहेत. आयोगाचे राजकारण काहीही असो, आकडे विचार करायला लावतात. दिल्लीत झारखंड-छत्तीसगडच्या कित्येक आदिवासी कॅथलिक बायका घरकाम करतात. त्या ज्या घरात भांडी घासतात, त्या घरचे मूल त्यांच्याच चर्चच्या शाळेत जाते. आपल्याकडे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या महार-मांग समाजातून आलेल्या कॅथलिक कुटुंबांची पोरे मिशनच्या मराठी शाळेत आणि बोर्डिंगात शिकली, मुंबई-पुण्याच्या इंग्रजी कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्यांची. चर्च एकच, शाळा दोन जातींच्या.

कायद्यानेही या दाराला कडी घातली. ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना माफ झाल्या आणि २०१४ च्या प्रमती निकालाने हा कायदाच सर्व अल्पसंख्याक शाळांवरून उठला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेऊन प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला.

इथे आपण सावध राहायला हवे. चर्चवर दगड मारणाऱ्यांना आपल्या मुलांच्या शिक्षणाची काळजी नाही. कलम ३० चा अधिकार टिकलाच पाहिजे. १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत मोजला जात नाही, तेव्हा हा अधिकार सर्वांत आधी त्याच्या कामी यायला हवा. म्हणून आपली मागणी चर्चकडे आहे: कायद्याची वाट न पाहता तुमच्या नामांकित इंग्रजी शाळांत पहिल्या इयत्तेपासून दलित-आदिवासी मुलांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, जागा द्या आणि दरवर्षी आकडे जाहीर करा. त्याने शाळेचा दर्जा बुडत नाही. गौतम राव यांनी दिल्लीच्या महागड्या शाळांचा अभ्यास करून २०१९ मध्ये दाखवले, की गरीब वर्गमित्र आल्यावर श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली आणि त्यांच्या गुणांवर फारसा परिणाम झाला नाही.

दुसरी मागणी नोकरी देणाऱ्यांकडे आहे. पदवीधराच्या मुलाखतीतून शाळेचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय काढून टाका. कामाची परीक्षा घ्या, आम्ही ती देऊ.

आणि आपल्यातल्या जे आता स्थिरावले आहेत त्यांना एक विनंती. सेंट कोलंबाजच्या मुलाला सीव्ही तपासून देणारा, मुलाखतीचा सराव घेणारा, कुठे जागा निघाली ते फोनवर सांगणारा कोणीतरी असतो. आपण पाच जण जरी आपल्या मागच्या पाच जणांसाठी हे करू लागलो, तर जिल्हा परिषदेच्या शाळेलाही माजी विद्यार्थी असतात हे दिल्लीला कळेल.