सबटायटल इंग्रजीच हवीत

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२) लाडू करून विकणाऱ्या शशी गोडबोलेला न्यूयॉर्कच्या वर्गात ‘आंत्रप्रेन्योर’ हा शब्द मिळतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘उद्योजक’ एवढाच; तिला मात्र ते आपल्याच कामाचे नाव वाटते. चित्रपटातून शब्द शिकायचा तो असा, प्रसंगासकट. घोडे अडते सबटायटलपाशी. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी चित्रपट हिंदी सबटायटलसह दाखवला, की गोष्ट कळते, पण डोळे हिंदी वाचत राहतात आणि कान इंग्रजी सोडून देतात. संवाद इंग्रजी, तर सबटायटलही इंग्रजीच हवीत. ‘नाइफ’मधला न ऐकू येणारा ‘के’ तेव्हाच दिसतो. त्यासाठी अख्खा चित्रपट कशाला? पाच मिनिटांचा एकच प्रसंग तीनदा पाहावा. तिसऱ्यांदा सबटायटल बंद करून.