सहाशे आवाजांचा पियानो

वर्धा जिल्ह्यात दोन गोष्टी दुकानात मिळत नाहीत. एक दारू आणि दुसरी पियानो. पैकी पहिली दुकानाशिवायही मिळते, असं जाणकार सांगतात. पियानोच्या बाबतीत तीही सोय नाही. त्यामुळे आमच्याकडे ज्याला पियानो घ्यायचा असतो तो न पाहता, न ऐकता आणि बोटही न लावता घेतो. हल्ली लग्नंसुद्धा इतक्या विश्वासानं जमत नाहीत.

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. दर गुरुवारी भजनात पेटी वाजवतो, एवढ्या भांडवलावर आमच्या शाखेत मी संगीतातला अधिकारी पुरुष ठरलो आहे. पोराबाळांसाठी वाद्य घेणारा प्रत्येक जण माझ्या काउंटरशी येतो. आमचे हेडकॅशियरही असेच आले. "भाऊ, पोरीले क्लासिकल शिकाचं आहे. कोनता पियानो घेऊ जी?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "एक पाहून ठेवला आहे. सहाशे आवाज आहेत, दोनशे ताल आहेत, अन् वरून स्टँड फुकट!"

राजेहो, माझं भांडण या सहाशेशी आहे.

आपल्या मध्यमवर्गाला मोजता येईल तेच मोलाचं वाटतं. थाळीत वाट्या किती, मिक्सरला भांडी किती, फिक्स्डला टक्के किती. मग वाद्यात आवाज किती, हेही आलंच. या सहाशेत असतं तरी काय? सनई असते, सतार असते, शिट्टी असते. शिवाय टेलिफोनची घंटा, हेलिकॉप्टर आणि बंदुकीचा बार. बेथोवेननं बत्तीस सोनाटा लिहिले, पण त्यांत कुठं हेलिकॉप्टर लागत नाही. एक टाळ्यांचंही बटण असतं. ते मात्र मी उपयुक्त मानतो, कारण काही वादकांना त्या दुसरीकडून मिळण्याची शक्यता नसते.

आधी 'क्लासिकल' म्हणजे कुठलं, हे तरी विचारा! आपलं रागसंगीत शिकायचं असेल, तर पियानोच्या वाटेला जाऊच नका. तो डिजिटल असो की लाकडी. सप्तकाचे १२०० बारीक भाग पाडले, तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गांधार ३८६ च्या आसपास बसतो. पियानोचा ४०० वर असतो. चौदा भाग चढा! सगळ्या पट्ट्यांतून सारखंच वाजवता यावं म्हणून केलेली ही तडजोड आहे. आमच्या भाषेत 'राउंडिंग ऑफ'. काही डिजिटल पियानोंत ही जुळणी बदलायची सोय असते, हे कबूल. पण मींड कशी काढणार? पियानोत दोन स्वरांच्या मधे रस्ताच नाही. पेटीतही नाही. म्हणूनच १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत धड उघडलं नाही. तरी पेटीचा स्वर भाता चालेल तोवर जिवंत राहतो. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. गोविंदराव टेंबे आणि अप्पा जळगावकर यांनी पेटीकडून जे गाऊन घेतलं, ते आठवा आणि रागदारीसाठी सरळ पेटी घ्या. स्वस्तही पडते.

हेडकॅशियरांच्या मुलीला मात्र मोझार्ट-बेथोवेनवालं क्लासिकल शिकायचं होतं. वय वर्षं अकरा. मोबाईलवर ऐकून तिनं ते स्वतः निवडलं होतं. मी परोपरीनं सांगितलं, "साहेब, आवाज मोजू नका, पट्ट्या दाबून पाहा." साहेबांनी ऐकलं नाही. सहाशे आवाज घरी आले. पोरगी दोन वर्षं त्यावर घासत होती. मग नागपूरला परीक्षा होती, तिथे खरा लाकडी पियानो. साहेबांबरोबर मीही गेलो होतो. पोरगी बसली. तुकड्याची सुरुवात अगदी हळुवार होती, म्हणून तिनं तितक्याच हळुवारपणे पट्टी दाबली. आवाजच आला नाही. पुन्हा दाबली. नाही. तिनं मान वळवून विचारलं, "सर, हा चालू कुठून करायचा?"

परीक्षक हसले. मला हसू आलं नाही. परतीच्या गाडीत ती आपल्या बोटांकडे पाहत बसली होती. दोष बोटांतच आहे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सेलू येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही.

दोष कुठे होता ते ऐका. १७०० च्या सुमारास इटलीत क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं हे वाद्य बनवलं, आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'हळू' आणि 'जोरात' असा आहे. पट्टी दाबली की आतली हातोडी उडते आणि तारेवर आदळते. फार हळू दाबली, तर ती तारेपर्यंत पोचतच नाही. किती जोर लावला की ती जेमतेम पोचेल, हे बोटाला कळणं म्हणजेच पियानो शिकणं. साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर उसळते, तिच्यामागे वजन नसतं. चांगल्या डिजिटल पियानोत तार नसली तरी पट्टीमागे हातोडीचं वजन दिलेलं असतं. खालच्या सुरांकडे पट्टी जड लागते आणि वर जाल तशी हलकी होत जाते. पैसे द्यायचे ते याचे.

पट्ट्याही पुऱ्या अठ्ठ्याऐंशी हव्यात. कोणी म्हणेल, मोझार्टच्या पियानोला एकसष्टच होत्या. अगदी खरं! पण त्या जिथून सुरू होत, त्याच्या सात पट्ट्या वर आजचा एकसष्टवाला कीबोर्ड सुरू होतो. म्हणजे मोझार्टचे खालचे सात स्वर गायब आणि वर सात असे, जे त्या बिचाऱ्याकडे नव्हतेच. शाखेत अशी कॅश टॅली केली असती, तर मला सस्पेंड केलं असतं.

मोजायचाच असेल तर आणखी एक आकडा मोजा. एका वेळी किती स्वर घुमू शकतात, तो. पेडल दाबून वाजवलं की जुने स्वर रेंगाळतात, त्यांवर नवे येतात. यंत्राची ऐपत बत्तिसाची असेल, तर तेहेतिसावा आत येताच आधीचा एक अर्धवट तोडून बाहेर काढला जातो. आमच्या काउंटरवर हेच रोज चालतं, पण तिथे निदान कोणी शोपाँ ऐकायला आलेलं नसतं.

पुण्या-मुंबईकडचे काही शौकीन म्हणतात, डिजिटल तो पियानोच नव्हे, घ्यायचा तर लाकडी. त्यांना मी मे महिन्यात वर्ध्याला यायचं निमंत्रण देतो. गोरसपाक खायला घालीन. पंचेचाळीस अंशांत पियानोची लाकडी फळी आक्रसते, श्रावणात फुगते, दोनशेच्या वर तारा टनावारी ताण सोसत असतात आणि सूर उतरला की जुळवणारा माणूस कुठून आणायचा? डिजिटलचा सूर उतरत नाही, आणि कानांना हेडफोन लावला की शेजाऱ्यांशी संबंधही उतरत नाहीत. आमच्या गावी तोच योग्य. नाइलाज म्हणून नव्हे, निवड म्हणून.

आमच्या कॉलनीतले एक सर्वोदयी काका यावर नाराज आहेत. गांधीजींच्या जिल्ह्यात विजेवरचं विलायती यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना आठवण दिली की यंत्रांना विरोध करतानाही शिवणयंत्राचा अपवाद गांधीजींनी १९२४ सालीच केला होता, आणि त्या यंत्राचं नाव सिंगर होतं. काका त्यावर विचार करत आहेत.

तेव्हा नागपूरला जा, रेल्वेनं दीड तासाचा प्रवास आहे. जिला वाजवायचं आहे तिला बरोबर न्या. दुकानदार डेमोचं बटण दाबायला धावेल. डेमोत कुठलाही कीबोर्ड मोठा उस्ताद असतो. त्याला थांबवा. एकच पट्टी पोरीला दहा वेळा दाबू द्या, पहिल्यांदा ऐकू येईल न येईल अशी आणि दहाव्यांदा पुऱ्या ताकदीनं. दहा वेगळे आवाज आले, तर पुढे भाव विचारा.

हेडकॅशियरांनी या दिवाळीत तसंच केलं. पोरीनं दुकानात तासभर एकच पट्टी दाबली. दुकानदारानं दोनदा चहा मागवला, तिसऱ्यांदा पाणी. शेवटी तिनं निवडलेल्या पियानोत आवाज अठरा निघाले. साहेबांचा चेहरा पडला, पण पावती फाडली. जुना कीबोर्ड आता कॉलनीच्या गणपतीला दिलाय. आरतीला झकास वाजतो. परवा कोणाचा तरी हात चुकून लागला आणि 'सुखकर्ता'च्या ऐन मध्यावर हेलिकॉप्टर उतरलं.