घर उभे राहते ते कशावर?

मिहानचा विषय निघाला की बोलणे विमानांचे होते, गवंड्याचे नाही. वास्तविक एक इमारत उठते तेव्हा गडचांदूरच्या सिमेंटला, कन्हानच्या रेतीला आणि कोराडीच्या राखेपासून केलेल्या विटांना गिऱ्हाईक मिळते. ज्याच्याजवळ ना शेत ना शिक्षण, त्याच्याही हाताला काम लागते. बांधकामाचे अर्थकारण ते हेच.

मग बिल्डर बुडतात का? काम नाही म्हणून क्वचितच. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानभोवती जमिनीचे भाव कारखान्यांच्या आधी चढले. अशा वेळी एका इमारतीच्या ग्राहकांचा पैसा दुसऱ्या जमिनीत घालण्याचा मोह होतो. पुढे उद्योग रेंगाळतात, नवी नोंदणी आटते आणि पहिल्या इमारतीचा सांगाडा तसाच उभा राहतो. ग्राहक कर्जाचा हप्ता आणि घरभाडे दोन्ही भरतो. मजूर थकलेल्या मजुरीसाठी खेटे घालतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के पैसा त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवणे सक्तीचे केले. अनेकांना हा जाच वाटला. माझ्या मते कायद्याने धंद्याचे जुनेच शहाणपण सांगितले आहे.

२०२२ साली मिहानमधील एम्सचे लोकार्पण झाले. माणसे येतील तिथे घरे लागणारच. घेणाऱ्याने मात्र नमुना सदनिका पाहण्याआधी महारेराकडील नोंद पाहावी. रंगीत जाहिरातीपेक्षा वेळेवर पडलेला स्लॅब अधिक खरे बोलतो.