थंडीतले दूध वैशाखात ठरते

जानेवारीतली गोष्ट. दिल्लीत त्या दिवसांत धुके असे उतरते की समोरच्या इमारतीचे दिवेही दिसेनासे होतात. आमचा दूधवाला सलग तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तो चेहरा पाडूनच. म्हणाला, "भाभीजी, आता काही दिवस निम्मेच दूध मिळेल. एका म्हशीची शेपटी सडायला लागली आहे."

शेपटी सडते म्हणजे काय, हे काही मला समजेना. रविवारी आम्ही दोघे नजफगडच्या पलीकडच्या त्याच्या गावी गेलो. गोठ्यात एक धिप्पाड मुऱ्हा म्हैस मान खाली घालून उभी होती. शेपटीचा शेंडा वाळून काळा पडला होता, कानांच्या कडा सुकल्या होत्या आणि खुरांच्या वर जखमा होत्या. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी रोगाचे नाव सांगितले होते 'देगनाला'.

हे नाव एका नाल्याचे आहे. आज पाकिस्तानात असलेल्या शेखूपुरा जिल्ह्यात तो वाहतो. 1930 च्या दशकात तिथल्या म्हशींत हा रोग दिसला आणि त्याची नोंद झाली. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात तो अजूनही थंडीतच डोके वर काढतो. कारण म्हणून बोट दाखवले जाते ते भाताच्या बुरशी लागलेल्या पेंढ्याकडे. बुरशीच्या विषाने शरीराच्या टोकांकडचा रक्तपुरवठा कमी होतो आणि शेपटी, कान, पाय झडू लागतात.

आमच्या दूधवाल्याचे चुकले कुठे? मे महिन्यात गव्हाच्या भुशाला भाव बरा मिळाला, म्हणून त्याने घरचा निम्मा भुसा विकून टाकला. थंडीत स्वस्तातली पराली, म्हणजे भाताचा पेंढा घालू, असा त्याचा हिशेब होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापल्यावर ती पराली रात्रीच्या दवात शेतातच पडून होती. तशीच दमट भरून आणली, गोठ्याच्या भिंतीला टेकवून रचली आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधला. आतला ओलावा आतच राहिला आणि बुरशीला आयतेच घर मिळाले.

शेजारच्याच अंगणात त्याच्या ताईचा भुसा होता. (इकडे थोरल्या काकूला 'ताई' म्हणतात. आपल्या 'ताई'शी गल्लत करू नका!) सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी मला हाताला धरून नेले आणि आपला 'कूप' दाखवला. उंचवट्यावर रचलेला, घुमटासारखा गोल, वरून शाकारलेला. मला वाटले, गोवऱ्यांचा ढीग आहे. त्यावर त्या पदराआड खळखळून हसल्या. "बेटी, गोवऱ्यांचा तो बिटौडा. हा कूप. यात माझ्या म्हशींची थंडी आहे." मग कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर भुसा काढला आणि माझ्या नाकाशी धरला. पिवळाधमक, कोरडा, उन्हात वाळवलेल्या गव्हासारखा वास.

आपल्याकडे कडब्याची गंजी रचतात, कोकणात पेंढ्याची उडवी रचतात, त्यातलेच हे शहाणपण. त्या बोलता बोलता सांगत गेल्या, ते मी तुमच्यासाठी टिपून ठेवले. गावी गोठा असलेल्या भगिनींना ते उपयोगी पडेल.

वैरण पूर्ण वाळल्याशिवाय रचू नये. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तिच्यात शेकडा 15 पेक्षा जास्त ओलावा नसावा. गवताची काडी पिळली तर मोडली पाहिजे, नुसती वाकता कामा नये. गंजीची जागा उंच असावी आणि खाली लाकडे किंवा काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. माथा उतरता ठेवावा. भिंतीला टेकवून रचू नये. प्लॅस्टिक घालायचेच असेल तर वारा खेळायला बाजू मोकळ्या सोडाव्यात. रचल्यावर दोन-तीन आठवडे मधूनमधून आत हात घालून पाहावा. गरम लागले तर गंजी मोडून पुन्हा वाळवावी, कारण दमट वैरण आतल्या आत तापून पेटही घेऊ शकते. थंडीत वैरण एकाच बाजूने काढावी आणि काळी पडलेली किंवा कुबट वासाची पेंढी सरळ खतात टाकावी. चांगल्या वैरणीत मिसळून ती 'खपवू' नये.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, पिशवीतले दूध घेतो. आम्हाला गंजीशी काय करायचे? तर ऐका. बुरशीची विषे अनेक आहेत आणि त्यांतले एक थेट आपल्या पेल्यापर्यंत पोहोचते. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत ते सापडले. जनावराच्या पोटात ते मुख्यतः सरकीची व शेंगदाण्याची पेंड आणि मका यांतून जाते. ओलसर साठवलेली वैरणही त्याला वर्ज्य नाही. खाल्ल्यापासून एखाद्या दिवसातच त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. उलट खाद्य बदलले तर काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांपैकी 368 नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ही मर्यादा आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. एकट्या दिल्लीत 262 पैकी 38 नमुने असे होते. सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हे प्रमाण अधिक होते. आपण दुधात पाणी आहे का ते पाहतो, साय किती येते ते पाहतो. जनावराने काय खाल्ले, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

विचारावे. आपल्या दूधवाल्याशी त्याच्या वैरणीबद्दल दोन शब्द बोलावेत. आणि चांगली वैरण महाग पडते, म्हणून त्याने लिटरमागे रुपया-दोन रुपये वाढवले तर लगेच तोंड वाकडे करू नये. स्वस्त पराली घेण्याचा मोह त्याला झाला, त्यात आपल्या घासाघिशीचाही थोडा वाटा असतोच.

दुसरी गोष्ट तर सर्वस्वी आपल्याच हातची. इकडे घरोघरी पहिली पोळी गाईची काढतात, आपल्याकडेही गोग्रास असतो. पण डब्यात राहून बुरशी आलेली पोळी, हिरवट पडलेला पाव "गाईला घालू, पुण्य लागेल" म्हणून कितीजणी बाजूला ठेवतात! तुमच्या मुलाला जे देणार नाही ते गाईलाही देऊ नका. पुण्य ताज्या पोळीचे लागते.

ती म्हैस वाचली. डॉक्टरांनी पराली ताबडतोब बंद करायला लावली, जखमा धुऊन मलमपट्टी केली, क्षारांचे औषध दिले. शेपटीचा शेंडा मात्र गेला. आता बैसाखीच्या सुमारास गव्हाची कापणी सुरू होईल. परवा दूधवाला सांगत होता, "भाभीजी, या वर्षी एक पेंढीही विकणार नाही. ताईच्या कूपाशेजारी आमचाही कूप उभा राहील." रचायला कोण शिकवणार, असे मी विचारले. तो हसून म्हणाला, "ताईच! तिने आत्तापासूनच काठी घेऊन जागा आखून ठेवली आहे."