त्यात काय एवढं?

सोमवार सकाळ. माझी रूममेट लंगडतच किचनमध्ये आली. ‘काल दहा किलोमीटर पळाले!’ चहा गाळता गाळता मी म्हटलं, ‘दहाच ना? हाफ मॅरेथॉन असती तर गोष्ट वेगळी.’ ती हसली. विषय संपला.

निदान मला तरी तसं वाटलं.

तर दोस्तहो, आपला या आठवड्याचा शब्द आहे ‘बिलिटल’. त्याच्या पोटातच ‘लिटल’ आहे, म्हणजे अर्थ उघड आहे. एखाद्याला किंवा त्याच्या कामाला छोटं करून टाकायचं. मराठीत कमी लेखणं.

शब्दाची जन्मकथा मात्र जाम इंटरेस्टिंग. ब्युफाँ हा फ्रान्सचा बडा निसर्गशास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं, अमेरिकेच्या हवेत प्राणी खुरटेच राहतात. हे वाचून थॉमस जेफरसन भडकले. पुढे अमेरिकेचे प्रेसिडेंट झाले, तेच हे. ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या पुस्तकात त्यांनी प्राण्यांच्या वजनांचे तक्ते मांडून ब्युफाँला उत्तर दिलं. निसर्ग आपल्याकडच्या प्राण्यांना छोटं करतो म्हणे, हे सांगताना त्यांनी ‘बिलिटल’ वापरला. या शब्दाचा पहिला ज्ञात वापर त्यांच्याच नावावर जमा आहे. एवढ्यावर न थांबता त्यांनी मूस या महाकाय हरणाची हाडं आणि कातडं थेट पॅरिसला मागवलं!

गंमत पुढेच आहे. १७८७ साली लंडनच्या एका मासिकाने हा कसला गावठी शब्द म्हणून ‘बिलिटल’ची टर उडवली. म्हणजे कमी लेखण्यासाठीचा शब्दच कमी लेखला गेला!

आता वापराचं बघू. ‘तुझ्या रिपोर्टमधले आकडे चुकलेत’ असं बॉस म्हणाला, तर ते क्रिटिसाइज करणं. शिवी हासडली, तर इन्सल्ट. आणि ‘रिपोर्ट काय, कोणीही बनवतं’ म्हणाला, तर ते बिलिटल. आवाज चढत नाही, शिवी नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. आपल्याकडे तर त्यासाठी एक ‘च’ पुरतो. ‘दहाच ना?’ कोणी कौतुक केल्यावर ‘छे, नुसतं नशीब’ म्हणणारे स्वतःलाही बिलिटल करतात.

रूममेटने नंतर हाफ मॅरेथॉनही पूर्ण केली. एकाच घरात राहून मला ते कळलं तिच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून.

मेडल टीव्हीशेजारी लटकतंय. पळताना कसं वाटलं, हे मी अजून विचारलेलं नाही. आज चहा गाळताना विचारणार आहे.